बिबा उतलेला हात

नारायण गुरुजी आमच्या ओसरीवर राहत आणि आमच्याच घरी जेवत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्याकडे जागा होती, माय दोन्ही वेळा चूल पेटवतच होती, आणि गुरुजी वर्ध्याकडचे, एकटे. तांदूळ धुवून चुलीवर ठेवण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. आमचं गाव सिंदेवाहीपासून दोन कोसांवर, जंगलाच्या तोंडाशी. गावाच्या टोकाला लाकडाचा डेपो, बाबा तिथे मुन्शी, आणि डेपोच्या कुंपणाला लागून आमचं घर. घर म्हणजे दोन खोल्या, मागे सांदवाडी आणि पुढे ही ओसरी. ओसरीच्या एका अंगाला बांबूची ताटी लावून गुरुजींची बाज टाकली होती. बाजेखाली त्यांची पत्र्याची पेटी, खुंटीला कोट. एवढ्यात त्यांचा संसार संपत होता.

त्या घराची आठवण झाली की मला आधी आवाज ऐकू येतात, चेहरे नंतर दिसतात. उजाडायच्या आत सागाचे ओंडके घेऊन बंड्या यायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजायच्या. मग करवत सुरू व्हायची. दोघे जण दोन टोकांना धरून ओढायचे, तिचा एकच एक सूर दुपारपर्यंत चालायचा. मधूनमधून ओंडक्यावर नंबराचा शिक्का मारायच्या हातोड्याचा आवाज. दहा वाजले की पलीकडच्या शाळेतून पाढे सुरू. पाढ्यांत गुरुजींचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यांना हळू बोलताच येत नसे. मागच्या रांगेतल्या पोराला सांगायचं असलं तरी ते पुढच्या रांगेच्या डोक्यावरून ओरडून सांगायचे, आणि पुढच्या पोरांच्या तोंडावर शिंतोडे उडायचे. पोरं हसत हसत तोंड पुसायची. मोठे गुरुजी म्हणून आणखी एक होते, पण ते बहुतेक वेळ कागद घेऊन सिंदेवाहीला गेलेले असत. शाळा म्हणजे नारायण गुरुजीच. त्यांच्या खोलीत पुढे चौथी, मागे वरचे वर्ग; धाकटी पोरं पलीकडच्या खोलीत.

खाणं आमच्या भागातलं. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, सोबत जवसाची चटणी किंवा अंबाडीची भाजी. उन्हाळ्यात जंगलातल्या टोल्यावरच्या बाया चारं आणि टेंभरं ही रानफळं आणून द्यायच्या, माय त्यांना मीठ-मिरची द्यायची. गुरुजींचा जीव ज्वारीच्या भाकरीत. आमच्याकडे सगळा धानाचा मुलूख, मायला भाकर काही नीट थापता येत नसे. तरी रविवारी ती ज्वारी दळून एक तरी भाकर त्यांच्यासाठी करायची. ती कडेला फाटलेली असायची. "नकाशा झाला मास्तर," असं म्हणून ती त्यांच्या ताटात टाकायची. गुरुजी भाकर हातात धरून शंकरला विचारायचे, "सांग बरं, हा कोणता देश?" शंकर माझा धाकटा भाऊ, चौथीत, त्यांच्याच वर्गात. तो काहीही सांगायचा आणि माय म्हणायची, "खा बाप्पा, थंड झाल्यावर तं कोणताच देश तोंडात जाणार नाई."

मी सातवीत होते. वर्गात मी एकटीच मुलगी. सातवीची फायनल परीक्षा पास झाली की मुलींचं शिक्षण संपलं, असं गावात धरूनच चालायचे. नागभीडच्या एका मुन्शीचा मुलगा बाबांनी पाहून ठेवला होता. मला तो नको होता असंही नाही. मी त्याला पाहिलंच नव्हतं. मला चांद्याच्या मुलींच्या शाळेत जायचं होतं, बस. (चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, मी अजूनही मनात तेच म्हणते.) तिथे बोर्डिंग होतं. हे गुरुजींनीच माझ्या डोक्यात घातलं होतं आणि एकदा जेवताना बाबांकडून शब्दही घेतला होता.

"ही केंद्रात पहिली आली तर चांद्याला पाठवाल का?"

"तं पाहू."

"पाहू नाही मुन्शीजी. पाठवू म्हणा."

बाबांनी डाळ भुरकली. "बरं बाप्पा. पाठवू. पयली आली तं."

"दुसरी आली तर?" मी विचारलं.

"तं नागभीड," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. पण बाबा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी गुरुजी मला ओसरीवर बसवून गणित घासून घ्यायचे. त्यांच्याशिवाय मला पहिला नंबर मिळणार नव्हता, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

गुरुजी खोकायचे. पावसाळ्यात सर्वांनाच खोकला होतो तसा तो झाला, आणि मग राहिला. माय अडुळशाचा काढा द्यायची, सुंठ-गुळाची गोळी द्यायची. ते निमूट घ्यायचे. बाजेखाली एका करवंटीत ते राख ठेवत आणि त्यात थुंकत. इतर कुठल्याही कामात मायवर विसंबून असलेला हा माणूस ती करवंटी मात्र स्वतः उचलायचा, उजाडायच्या आधी डेपोमागच्या खड्ड्यात रिकामी करायचा आणि नवी राख घालून आणायचा. एकदा मी पाढ्यांची पाटी घ्यायला वाकले तेव्हा राखेत लाल दिसलं. गुरुजींनी पाहिलं की मी पाहिलं.

"पान खाल्लं होतं," ते म्हणाले.

ते पान खात नसत. मी तेरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. पण फायनल चार महिन्यांवर होती. मी पाटी उचलली आणि काळ-काम-वेगाचं पुढचं गणित मागितलं. आज हे लिहिताना मी त्या मुलीला झाकायचा प्रयत्न करणार नाही. तिने हिशोब केला, आणि तो तिच्या सोयीचा केला.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवसांत टोल्यावरची जनी गेली. टोला म्हणजे गावापासून अर्ध्या कोसावर जंगलात गोंडांची दहा-बारा घरं. जनीचा बाप झुरू डेपोत करवत ओढायचा. जनी चौथीत होती, ठेंगणी म्हणून पहिल्या रांगेत बसायची. दसऱ्यानंतर ती वाळत गेली, ताप यायचा, मग शाळेत यायची थांबली. टोल्यावर देव-देवस्की झाली, झाडपाला झाला. ती गेल्यावर महिन्याभरात चौथीचीच आणखी दोन पोरं खाटेला लागली. त्यातल्या एकाचा बाप सावकाराकडे कामाला होता, म्हणून त्याला छोट्या रेल्वेगाडीने चांद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि विचारलं, पोरगा कोणत्या शाळेत जातो. पंधरा दिवसांत शाळेसमोर जीप उभी राहिली.

जीपमध्ये एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि ड्रायव्हर. पोरांना जीप फार आवडली. सुया निघाल्या तेव्हा अर्धी पोरं कुंपणावरून पळाली. कंपाउंडरने समजावून सांगितलं की ही सुई औषधाची नाही, तपासणीची आहे, आणि चौथीपर्यंतच्या पोरांनाच टोचायची आहे. हाताच्या कातडीत थेंबभर दवा सोडायची आणि तिसऱ्या दिवशी पाहायचं. जागा टणक होऊन सुजली तर रोगाचे जंतू त्या पोराच्या अंगात गेले आहेत असं समजायचं, मग त्याचा फोटो काढायचा. नाही सुजली तर लस टोचायची. पोरांना यातलं काही कळलं नाही. तेव्हा गुरुजी पुढे झाले. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि म्हणाले, "पहा रे. पहिली मला." कंपाउंडरने टोचलं. गुरुजी पोरांकडे पाहून हसले, "मुंगी चावते तेवढंच." मग पोरं रांगेत आली.

कंपाउंडरचं अक्षर डॉक्टरला लागत नव्हतं, म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं. नाव, वय, वर्ग, गाव, आणि पुढे एक मोकळा रकाना. मी टाक बुचकळून विचारलं, "गुरुजींचं नाव कुठी लिहू?"

"मास्तरचं नाव काहाले?" कंपाउंडर म्हणाला. "हे पोट्ट्यायचं रजिस्टर आहे. मोठ्या माणसाचं नाव नसते त्याच्यात."

मी लिहिलं नाही. चौथीच्या पानावर पहिलं नाव शंकरचं लिहिलं, कारण गुरुजींच्या मागे तोच उभा होता.

घरी जाताना सर्वांना बजावलं होतं: खाजवू नका, चोळू नका, हाताला काही लावू नका. ते पोरांना बजावलं होतं, त्यांच्या मायबापांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर नुसता फेरी मारायला म्हणून वर्गात आला, आणि टोल्यावरच्या चार पोरांचे हात पाहून खालीच बसला. चौघांच्याही हातावर, नेमक्या सुईच्या जागेवर, बिब्याचे काळे ठिपके होते आणि भोवती कातडी लाल होऊन फुगली होती.

बिबा म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागेल. जंगलातलं काळं फळ, त्याला सुईवर टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं. ते तेल आम्ही मुरगळलेल्या पायाला, भेगा पडलेल्या टाचेला, गाठीला, सुजेला, सगळ्याला लावायचो. चांगल्या कातडीवर जास्त लागलं तर ते उततं, म्हणजे फोड येतात, पाणी सुटतं. टोल्यावर तर दुसरं औषधच नव्हतं. चार पोरांत झुरूची धाकटी, मैनी, होती. कंपाउंडरने झुरूला डेपोतून बोलावून घेतलं. तो अंगावरचा भुसा न झटकताच आला.

"हे काय केलं बाप्पा?"

"सूज होती. बिबा लावला."

"कोणी सांगितलं होतं लावाले?"

"सांगाले काहाले लागते?" झुरू म्हणाला. तो आवाज चढवत नसे. "जनीच्या आंगावर सूज नाई दिसली. वरून काईच नाई दिसलं. आतून आतून गेली. हिची दिसली, तं लावला."

तोंडाळ कंपाउंडर मैनीचा हात सोडून उठला. मग तो दारात उभ्या डॉक्टरला म्हणाला, "साहेब, हे चार हात बाद. सूज दवाईची का बिब्याची, कसं कळणार?" डॉक्टर म्हणाले, "लिहून ठेवा. पुढच्या खेपेला उजव्या हातावर घेऊ." मी लिहिलं: बाद, बिबा. चार वेळा.

गुरुजी यादी घेऊन जवळच उभे होते. "पुढची खेप केव्हा?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात, नाही तर पावसाळ्यानंतर," डॉक्टर म्हणाले. "जीप मिळेल तेव्हा."

त्या दिवशी संध्याकाळी माय सांदवाडीत भाजीला पाणी घालत होती, शंकर बाहेर होता. मी चुलीपाशी भात पाहत होते. गुरुजी दारात येऊन उभे राहिले. ते स्वयंपाकाच्या खोलीत कधी येत नसत.

"कुसुम, घरी बिबा आहे का? टाच फुटली आहे."

कोनाड्यातल्या डब्यात असायचाच. मी दाभणाला बिबा टोचून चिमणीवर धरला, तेल सुटल्याबरोबर म्हटलं, "बसा, लावून देतो." बाबांच्या टाचेला मीच लावायची, आमच्याकडे मुलीही तेव्हा देतो-घेतोच म्हणत. गुरुजी म्हणाले, "दे इकडे. मी लावतो." ते ओसरीच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ बसले. टाचेला बिबा लावणारा माणूस वाकतो. गुरुजी वाकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाय धुवायला दगडावर उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या टाचा पाहिल्या. भेगा होत्या. काळा ठिपका एकही नव्हता. त्या दिवशी आम्ही गणित केलं नाही. ते म्हणाले, आज डॉक्टर यायचे आहेत, गडबड आहे.

तो सुईचा तिसरा दिवस. शाळेत डॉक्टर स्वतः हात पाहायला बसले. एकेक पोर समोर येई, ते बोटाने चाचपत, लहानशी पट्टी लावत आणि आकडा सांगत. मी लिही. पहिली, दुसरी, तिसरीचे वर्ग झाले. बहुतेकांपुढे शून्य, कुठे दोन, कुठे तीन. मग चौथी. शंकर आला. त्याने हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला, कारण त्याच्या हातावर सगळ्यांत मोठा फुगा आला होता आणि त्याला ती बढाईची गोष्ट वाटत होती.

"अठरा," डॉक्टर म्हणाले.

मी अठरा लिहिलं. अक्षर चांगलं आलं. त्यानंतर पंधरा, बारा, सोळा, चौदा. चौथीचं पान भरत गेलं. पान संपल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, आधीची पानं उलटली, परत चौथीवर आले.

"या वर्गाला कोण शिकवतं?"

"मी," गुरुजी म्हणाले.

"तुमचा हात राहिला की मास्तर. दाखवा."

गुरुजींनी बाही वर केली. मनगट आणि कोपर यांच्या मधे कातडी सोलल्यासारखी झाली होती, फोड आले होते, एक फुटून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "काल त्या टोल्यावरच्या पोरांना धरून उभं केलं, तेव्हा माझ्या हाताला लागला. बिबा असा पसरतो, तुम्हाला ठाऊक आहेच."

खरं वाटण्यासारखं होतं ते. डॉक्टरांनी मान हलवली. "हो, होतं असं. राहू द्या. मोठ्या माणसांच्या हाताला तशीही सूज येतेच, बहुतेकांना येते. त्यावरून काही ठरत नाही." त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. कंपाउंडर सुया गोळा करू लागला.

म्हणजे संपलं होतं. जीप जाणार, गुरुजी ओसरीवर राहणार, संध्याकाळी गणित होणार. मी रजिस्टर मिटायला घेतलं आणि वरच्याच ओळीत शंकरचं नाव दिसलं, त्यापुढे माझ्याच हातचे अठरा. शंकर बाहेर पोरांना हात दाखवत फिरत होता. त्याच्यामागे मैनी, जनीची बहीण, आपला उतलेला हात फुंकत.

"मी दिला बिबा," मी म्हटलं.

डॉक्टर थांबले. "काय?"

"गुरुजीले मी दिला. काल, घरी. टाचेसाठी मागितला. टाचेला लावला नाई."

 डेपोतली करवत चालू होती, ती मला ऐकू येत होती. गुरुजी माझ्याकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. डॉक्टर परत खाली बसले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"टाचेला नाही. मग हाताला मुद्दाम कशाला, मास्तर?"

गुरुजींनी बाही खाली केली. 

"खोकला किती दिवसांचा?"

"दिवाळीपासून," गुरुजी म्हणाले. मग, "नाही. पोळ्यापासून."

"रक्त?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी रजिस्टर बाजूला ठेवलं. "तुम्ही हाताला काहीच लावलं नसतं," ते म्हणाले, "तर मी उठलोच होतो हो."

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, खरंच तसं होतं. गुरुजींनी चार बाद हात पाहिले आणि त्यावरून एक हिशोब मांडला: हात वाचता आला नाही की माणूस सुटतो. पोरांच्या बाबतीतला नियम त्यांनी स्वतःला लावला. चाचणी मोठ्यांना लागू पडत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना सोय नव्हती.

त्याच जीपमधून त्यांना नेलं. ते पेटी भरायला घरी आले तेव्हा माय ओसरीवर उभी होती. तिला तोवर सगळं कळलं होतं, गावाला कळायला वेळ लागत नसे. गुरुजी म्हणाले, "नोकरी कच्ची होती वहिनी. कळलं असतं तर ठेवलं नसतं. घरी आई आहे, दोन बहिणी आहेत. आणि मग कोणी ओसरीवर तरी घेतलं असतं का?"

माय म्हणाली, "नसतं घेतलं." ती खोटं बोलत नसे. मग ती आत गेली आणि फडक्यात बांधून काहीतरी आणलं. रविवार नव्हता, तरी ज्वारी शिल्लक होती. "रस्त्यात खाजा. फाटली आहे."

मला ते काही बोलले नाहीत. जीप गेल्यावर मायने मला एक थापड दिली. मी सांगितल्याबद्दल असेल असं मला वाटलं.

"सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "बिबा देतेस आन पाहत नाईस तो कुठी लावला तं? शंकरच्या अंगाशी आलं ते दिसून नाई राह्यलं होतं तुले?"

मी राखेतलं लाल तिला सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. थापड बरोबर जागी बसली होती, एवढंच.

पुढच्या आठवड्यात बाबा शंकरला आणि चौथीच्या आणखी काही पोरांना घेऊन छोट्या गाडीने चांद्याला गेले. मीही गेले, कारण रजिस्टरातली नावं आणि पोरं यांची जुळणी मलाच ठाऊक होती. शंकरच्या छातीत एक लहानशी गाठ निघाली. वर्षभर गोळ्या, त्यातले काही महिने सुया. गोळ्या मी मोजून द्यायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. त्याला अजूनही मी समोर उभी राहिले की घसा दाखवावासा वाटतो, असं तो म्हणतो. तो बरा झाला. पुढे त्याने डेपोचाच ठेका घेतला. मैनीच्या उजव्या हातावर पुन्हा सुई टोचली, जागा सुजली नाही. झुरूने त्या वेळी तीन दिवस करवत सोडून पोरीजवळ बसून काढले, कुणी काही लावू नये म्हणून. त्याने आकडा ऐकला आणि विचारलं, "म्हणजे आतून काई नाई?" काही नाही म्हटल्यावर तो तसाच कामाला गेला.

गावात माझ्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कुणी म्हणे पोरीने गाव वाचवलं, ते खोटं होतं. कुणी म्हणे ज्या माणसाने शिकवलं त्यालाच जीपमध्ये घालून दिलं, ते खरं होतं. शाळेत दुसरे मास्तर आले, त्यांना काळ-काम-वेग येत नव्हता. मी फायनल एकटीनेच दिली आणि केंद्रात चौथी आले. निकाल कळला त्या दिवशी बाबांनी जेवण नीट केलं नाही. मी नागभीडच्या मुन्शीच्या घरी किती माणसं आहेत ते मायला विचारून ठेवलं.

तेव्हा एक पाकीट आलं, बाबांच्या नावाने. नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यातून. आत दोन कागद होते. एक चांद्याच्या मुलींच्या शाळेला, माझ्या गणिताविषयी. दुसरा बाबांना, दोनच ओळींचा: मुन्शीजी, पहिल्या नंबराची अट मी शिकवणार असं धरून होती. मी शिकवलं नाही, तेव्हा अट मोडली ती माझ्याकडून, कुसुमकडून नाही.

बाबांनी कागद काठीच्या टोकाने उघडला होता, भीतीपोटी. वाचून झाल्यावर मात्र हाताने घडी घातली. "मास्तर वकील व्हायले पायजे होता," ते म्हणाले. जूनमध्ये त्यांनी मला चांद्याला नेऊन सोडलं.

पुढे मी हेच काम धरलं. हातावर सुई टोचायची, तिसऱ्या दिवशी पट्टी लावायची, घरोघर जाऊन गोळ्या गिळवायच्या. जिवतीच्या डोंगरापासून खाली नदीकाठापर्यंत बहुतेक शाळांचे ओटे मी पाहिले आहेत. सुई टोचायच्या आधी टोल्यावर जाऊन म्हाताऱ्यांशी बिब्याचं बोलून घेते, मग शाळेत शिरते. नव्या पोरींना हे शिकवताना त्यांना वाटतं बाई उगाच वेळ घालवतात.

गुरुजी दीड वर्षाने परत आले. बरे होऊन आले, कागद घेऊन आले, तरी आमच्या गावची शाळा त्यांना मिळाली नाही. दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावी मिळाली. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. तीच जीप त्या शाळेत आली, तोच कंपाउंडर. त्याने मला निरोप धाडला, रजिस्टर लिहायला ये. मी गेले. गुरुजी वाळले होते, आवाज बसला होता. वर्गाची सगळी दारं-खिडक्या उघडी, बांबूच्या ताट्या काढून टाकलेल्या, आणि पहिली रांग फळ्यापासून चांगली चार हात मागे. ते माझ्याशी बोलले तेही तेवढ्याच अंतरावरून, तोंड थोडं बाजूला करून. ती सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली.

"चांद्याला भाकर मिळते का?" त्यांनी विचारलं.

"मिळते. गोल असते."

ते हसले. पोरं रांगेत उभी होती. गुरुजींनी डाव्या हाताची बाही वर केली. बिब्याचा डाग काळा पडला होता, तळव्याएवढा.

"मास्तर, तुमची गरज नाई," कंपाउंडर म्हणाला. "तुमचं तं सारं झालं."

"सुई नका टोचू. नाव लिहा," गुरुजी म्हणाले. "पहिलं माझं लिही, कुसुम."

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. मी पहिल्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं. पुढचा रकाना वयाचा. इतकी वर्षं ते आमच्या घरी राहिले होते, मायने त्यांना दोन वेळा वाढलं होतं, बाबा त्यांना अहो-जाहो करत. मला त्यांचं वय ठाऊक नव्हतं, विचारायचं कधी सुचलंही नव्हतं.

"वय?"

"सव्वीस," गुरुजी म्हणाले.

मी सव्वीस लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं.